हेर्मानची बरणी

४ ऑक्टोबर, लाइपझिग, जर्मनी

खोली अपेक्षेपेक्षा छान निघाली. उंच खिडकी, खाली ट्राम, अंगणात चेस्टनटचा सडा. सूक्ष्मजीवशास्त्राचं एक सत्र करायचं आणि फेब्रुवारीत आर्हुसला आईकडे परत. घरमालकीण झाइसलरबाईंनी दारातच ताजा पाव हातावर ठेवला. डेन्मार्कच्या मुली वाऱ्यावर वाळत घालतात की काय, हिची नुसती काडी झालीय, म्हणाल्या. पाव उत्तम होता.

स्वयंपाकघरात फडक्याखाली आंबवणाची बरणी आहे. आंबवणाचं नाव हेर्मान. त्याला दूध, साखर, पीठ चारायचं. वाढला की थोडा भाजायचा, थोडा शेजाऱ्यांना द्यायचा, थोडा पुन्हा वाढवायचा. जिना पुसण्याची पाळी भाडेकरूची, तशी या घरात हेर्मानला मळण्याचीही. माझ्या आधी ती मारितकडे होती. फिनलंडची, सोनेरी वेणीची. फोटो फ्रिजवर आहे. उन्हाळ्यात घरी गेली. पोरगी परदेशातून किती गोड होऊन आली, असा तिच्या आईचा अजून फोन येतो म्हणे.

९ ऑक्टोबर

नियम दोन. धातू लावायचा नाही, त्याने हेर्मान मरतो. हातमोजे घालायचे नाहीत. पहिला सगळीकडे पाळतात. दुसरा मी नव्यानेच ऐकला. कारण विचारलं, तर बाई म्हणाल्या, अगं, तान्ह्याला कुणी हातमोजे घालून कुरवाळतं का?

पीठ कोमट लागलं. काचेचा तापमापक खुपसला : सदतीस अंश. खोली एकोणीस. आंबण्याने इतकी ऊब येत नाही. वास दुधाचा, आणि त्याखाली न धुतलेल्या टाळूचा. मळून झाल्यावर ते बोटं सोडेना. ओढून काढावं लागलं. बाळाने स्तन सोडावा तसा आवाज झाला. हात तीनदा धुतले.

२१ ऑक्टोबर

फोन माझा अंगठा ओळखत नाही. भिंगाखाली पाहिलं. रेषा नाहीत. दोन्ही तळवे सोललेल्या अंड्यासारखे.

तळमजल्यावरच्या क्वांटआजोबांना जिन्यात हात दाखवला. वा, आमची म्हातारी यासाठी मलमांवर पैसे उधळायची, म्हणाले. मग हसू मावळलं. हेर्मानचा वाटा ते कधीच घेत नाहीत.

न्याहारीच्या पावात केस निघाला. सोनेरी. माझे काळे, बाईंचे पांढरे. अर्धा गिळला गेला होता. घशातून ओढत राहिले, संपेना.

२९ ऑक्टोबर

नमुना प्रयोगशाळेत नेला. यीस्ट आहे, अपेक्षित जिवाणू आहेत. बाकी सगळ्या माणसाच्या त्वचेच्या पेशी. जिवंत. विभागत असलेल्या.

आज सकाळी मी याच पिठाच्या पावाचे दोन तुकडे लोणी लावून खाल्ले होते. बेसिनमध्ये उलटी केली. धुवायला पाणी सोडलं, तर ती फुगली. बुडबुडे आले. बेसिनच्या काठापर्यंत चढली.

३ नोव्हेंबर

बॅग भरली. निघाले. ट्राममध्ये दांडा धरला आणि हात भाजला. साधा, थंड, स्टीलचा दांडा. सोडवला तेव्हा तळव्याचा पापुद्रा त्यालाच चिकटून लोंबत राहिला. पांढरा, ओला. रक्त नाही. आंबट वास. समोरच्या बाईने नाक दाबून जागा बदलली.

परतले. बाईंनी विचारलंही नाही. मारितही अशी स्टेशनापासून परत आली होती, म्हणाल्या, चार दिवस रुसली, मग गप पडून राहिली. मारित घरी गेली ना, मी म्हटलं. तर म्हणाल्या, कुणीतरी गेली खरी.

६ नोव्हेंबर

मोठी सुरी घेऊन हेर्मानला मारायला गेले. सुरीच्या लाकडी मुठीतल्या धातूच्या खिळ्यांनीच बोटं खाल्ली. करंगळी गळून पडली — लिबलिबीत — बरणीशेजारी. बरणीतल्या पिठावर रेषा आहेत. माझ्या अंगठ्याच्या. फोन त्यावर टेकवला.

उघडला.

८ नोव्हेंबर

लाकडी पेन्सिल. तीच धरवते.

दुपारी स्वयंपाकघरात कुणी बोलत होतं. टेबलाशी माझा स्वेटर, माझे काळे केस — मुळाशी सोनेरी. फोनच्या स्पीकरवर आई. ती आईला सांगत होती, फेब्रुवारी कशाला, याच आठवड्यात येते, तुझी फार आठवण येते गं. आवाज माझा. हेल फिनलंडचा. मी असं कधी बोलत नाही. आई हसली — किती गोड झालीस गं, म्हणाली —

ओरडले. बुडबुडा फुटला नुसता.

९

खुर्चीवरून ओघळतेय. बाईंनी खरवडून बरणीत भरलं — लाकडी चमच्याने, हळूच — वर फडकं —

दूध आणलंय. हाक मारतायत. हेर्मान, म्हणतायत, तोंड उघड रे राजा —

शी. साय. कोमट —

आणि मला भू