अप्पांनी उचललेला भंडारा

निमगाव केतकी,
माघ वद्य ५, शके १८५७

तीर्थस्वरूप सावळारामदादास,

धाकट्या सरूचा दंडवत. इकडे सगळे बरे आहेत, तूही पुण्यात बरा असशील. पानमळा यंदा चांगला धरला आहे. म्हाळसाआत्या तुझी आठवण काढते आणि लगेच शिव्या देते, दोन्ही मी पोचत्या करते.

आईच्या तेराव्याला तू अप्पांना तुझ्या नावाने बेलभंडारा उचलून सिगारेट सोडायची शपथ घ्यायला लावलीस. "माझ्या दमेकरी आईला तुमच्या सिगारेटनं खाल्लं," म्हणालास आणि वळकटी घेऊन निघून गेलास. मागे वळून पाहिलं नाहीस म्हणून सांगते, अप्पांनी त्यानंतर सिगारेट शिवलेली नाही.

गावाने उपाय सांगायला कमी केलं नाही. ज्येष्ठमध झाला, ओवा झाला, लवंगा चघळून तोंड सोललं. मळ्यात बसले की पानाचा देठ बोटांत धरायचे, आणि मधेच त्याची राख झाडायचे. मला हसू यायचं, मग रडू यायचं. आत्या म्हणाली, "सिगरेट दुधात बुडवून वाळीव आन् वढ. वकारी आली का आपसूक सुटतीया."

"म्हंजी वढायचीच की," अप्पा म्हणाले. "आन् माज्या सावळ्याला काय झालं तर?"

दादा, वर सगळे बरे आहेत असं लिहिलं ते रीत म्हणून. अप्पा अंथरुणाला खिळले आहेत. बारामतीच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता त्यांना हवं ते द्या."

त्यांना एक सिगारेट हवी आहे. झोपेतसुद्धा तीच मागतात. मी पेटवून ओठांशी धरली, तर भिंतीकडे तोंड फिरवलं. "सरे, टाक ती. पोरगं जगू दे."

मी खूप भांडले. शपथ खोटी म्हटलं, पाप माझ्या माथी म्हटलं. ऐकत नाहीत. ज्याच्या नावाने भंडारा उचलला, त्यानेच तो सोडवायचा, असं त्यांचं म्हणणं आहे.

म्हणून तू ये. माफ कर असं मी म्हणत नाही, आई माझीही होती. रागावूनच ये. त्यांच्या कपाळाला भंडारा लाव, "सोडलं" म्हण, आणि तुझ्या हाताने एक पेटवून दे.

काडेपेटी त्यांच्या उशाशीच ठेवली आहे.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी सरू