वहिनीसाहेबांची खोली

आमदार साहेब, हैदराबादहून नागनाथचा जय भीम.

सभागृहातलं तुमचं भाषण मोबाईलवर पाहिलं. "भूकंपानं आम्हा सगळ्या जातींना एका पत्र्याच्या शेडात आणलं, आता कुणालाच बाहेर ठेवू नका," म्हणालात. माझ्यासंगं फरशी बसवणारी पोरं टाळ्या वाजवत होती. मी न्हाई वाजवल्या.

माझी बहीण शिल्पा लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला हाय. खोली बघायला ती तुमच्याच भावजयीकडं गेली. वहिनीसाहेबांनी पाणी दिलं, "पोरगी लई गुणाची दिसती" म्हणाल्या. मग आडनाव विचारलं. ते ऐकलं अन् म्हणाल्या, "अगं बाई, खोली तर सकाळीच गेली की!" दारावरची 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी अजून तशीच हाय.

साहेब, सगळ्या राज्याला सांगता, मग घरात का न्हाई सांगत?

हे पत्र टाकणारच होतो. शिल्पाला फोनवर वाचून दाखवलं तर ती रडायलाच लागली. "दादा, धाडू नको रे. नव्या खोलीवर मी दुसरंच आडनाव सांगितलंय. बोभाटा झाला तर हीबी खोली जाईल."

म्हणून धाडत न्हाई. दिवाळीत तिला भेटायला जाईन, तवा मलाबी तेच आडनाव सांगावं लागंल.

नुसता,
नागनाथ