विहीणबाईंची कन्नड अंगाई

गोकाकच्या गंगव्वाआक्कांना निपाणीच्या विहीणबाईचा जय भीम.

आपली नात पारमिता लई बडबडी झालीय, माझ्यावर गेलीय! पण फोनवर तुम्ही कन्नड बोललात की नुसती माझ्या तोंडाकडं बघते.

ती पाळण्यात होती तवा तुमची अंगाई मीच थांबवली. म्हटलं, "आक्का, गप ऱ्हावा. दोन भाषांनी पोरीचा घोळ होईल." तुम्ही गेलात त्या परत आला न्हाय. तुमच्या लेकीनंही पोरीशी कन्नड बोलणं सोडलं.

काल लस देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज्जी, तान्ह्या बाळाच्या मेंदूला दोन्ही भाषांचे आवाज वेगळे कळतात."

तुम्हाला मराठी वाचता येत न्हाय. हे पत्र तुमच्या लेकीकडूनच वाचून घ्यावं लागंल, आन् तिच्यापुढं चूक कबूल करायची मला अजून लाज वाटते. म्हणून न धाडता माझ्या लुगड्याच्या घडीत ठेवते.

तुमची,
अंजना