औरंगपुऱ्यातल्या सायकल दुकानाची निरवानिरव

मी, बद्रीनाथ पुंजाराम औताडे, राहणार औरंगपुरा, औरंगाबाद, धंदा सायकल जुळणी व दुरुस्ती, आज माझ्याच दुकानात बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. वय सत्तरच्या आसपास. जन्माचा दाखला नाही, पण पोलीस ॲक्शनच्या साली मला मिसरूड फुटत होती, त्यावरून ज्याने त्याने समजून घ्यावे. डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दम दिलेला नाही, भुलवलेले नाही की काही पाजलेले नाही. सकाळपासून चहा तेवढा झाला, तोही बिनसाखरेचा. तब्येत उत्तम आहे. मग आत्ताच ही घाई का, तर माझी पत्नी दगडाबाई म्हणाली, "तोंड चालू हाय तवर लिहून ठिवा. मागून लोकं तुमच्या नावावर काय बी सांगत्याल." हे मला पटले. वकीलसाहेबांनी नमुना दिला होता, पण तो कोणाचाही असू शकला असता. म्हणून कलमांचे आकडे तेवढे त्यांचे ठेवले आहेत, बाकी मजकूर माझा. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, भांडीकुंडी व बँकेत जे काही असेल ते दगडाबाईचे. तिच्या पश्चात आमची एकुलती एक मुलगी सारजा हिचे. पुढची खोली निळी रंगवायची की पिवळी, हा वाद लग्नापासून चालू आहे आणि आजवर ती निळीच राहिली. माझ्यामागे दगडाबाई ती पिवळी करणार, हे मला पक्के ठाऊक आहे. करू दे. तिला शोभेल.

कलम २. पाने, पकडी, रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचे स्टँड आणि दोन्ही पंप ही हत्यारे दुकानासोबतच राहतील, वेगळी विकू नयेत. त्यांचा उपयोग कसा करायचा तेही लिहितो, कारण हत्यार दिले आणि रीत दिली नाही तर ते भंगारच. वाळूजला कारखाने आले, तेव्हापासून माझे बहुतेक गिऱ्हाईक तिकडचे. कामगाराची सायकल मी सकाळी कधीच बसवून दिली नाही. सकाळी सगळेच पैलवान असतात. माणूस ड्युटी सुटल्यावर तसाच, घामेजलेला, दुकानात आला पाहिजे. दिवसभर मशीनपुढे उभा राहिलेला माणूस सीटवर कसा टेकतो, त्याचे खांदे कुठे पडतात, गुडघा किती उघडतो, ते बघायचे आणि मग सीट आणि हँडल आवळायचे. कामावर कोणतीही सायकल नेते. घरी आणते ती चांगली.

ही अक्कल माझी नव्हे, आमचे उस्ताद इब्राहीमभाई यांची. ते म्हणत, "सैकल नक्को देखो मियाँ, आदमी देखो." मी आणि सोनाजी मल्हारी कोळपे, आम्ही दोघे त्यांच्या हाताखाली एकाच दिवशी लागलो. सोनाजीचे घर मेंढरांमागे हिंडणारे, माझे शेतीवाले. दोघांनाही घरी जायचे नव्हते, म्हणून दोघेही शिकलो. गोलवाडीचा चढ ज्याच्या वाटेवर असेल त्याला मागे दोन दात मोठा फ्रीव्हील, रात्रपाळीवाल्याला डायनॅमो, डब्याला हँडलखाली आकडा, बायकांच्या सायकलीला साडी अडकू नये म्हणून जाळी. हे सगळे आम्ही दोघांनी मिळून बसवले. उस्ताद गेल्यावर हेच दुकान दोघांनी चालवले. पुढे सोनाजीने नगर नाक्याला स्वतःचे टाकले, तेही खुशीने. नारळ मीच फोडला होता.

कलम ३. मागच्या भिंतीला लावलेली पत्र्याची मोठी पेटी. हिच्यात सीटा, पायडल आणि हँडल आहेत, प्रत्येकाला कापडाची चिंधी आणि चिंधीवर नाव. हे भंगार समजून कोणी काढू नये. हा लोकांच्या संसाराचा माल आहे.

आपल्याकडे लग्नात जावयाला सायकल देतात आणि सासरा नेहमी चोवीस इंची देतो. का, तर मांडवात उंच दिसते. पण जावयाचे पाय असतात बावीस इंचीचे, कधी वीसचे. तो बिचारा रोज दांडीवर घासत वाळूजला जातो, पण सायकल बदलत नाही. सासऱ्याला काय वाटेल? यावर मी आणि सोनाजीने एक इलाज काढला, त्याला आम्ही सासरा-फिटिंग म्हणायचो. जावयाची मूळ सीट, पायडल आणि हँडल काढून पेटीत ठेवायचे. आखूड सीट, वळवलेले हँडल आणि पायडलवर लाकडी ठोकळे लावून त्याला सुखात कामाला पाठवायचे. सासरा येणार अशी खबर आली की जावई आदल्या दिवशी दुकानात हजर. मूळ माल परत चढवायचा. सासरा खूश होऊन गावी गेला की पुन्हा ठोकळे. आम्ही किती सासऱ्यांना हसलो असू! फर्दापूरचा एक पाटील तर आमच्याच दुकानात चहा पिऊन गेला आणि म्हणाला, "जावयानं गाडी कशी ठिवलीय बघा, जशीच्या तशी." सोनाजी पंपाच्या आड जाऊन बसला होता.

ज्यांचा माल पेटीत आहे त्यांना तो मागताक्षणी चढवून द्यावा. सासरे अचानक येतात.

कलम ४. जावई रामकिसन गाडेकर, राहणार छावणी, नोकरी वाळूजला, लेथवर. माणूस चांगला आहे. सारजेला त्याने कधी दुखावले नाही. परंतु लग्नात मी त्याला माझ्या हाताने जुळवलेली सायकल दिली होती. एकेक तार मी ताणली, बेरिंगचे छर्रे निवडून घातले. ती चोवीस इंची होती. मी सायकलवाला असून मी माप चुकलो असे काही लोक म्हणतात. मी चुकलो नाही. सायकल बरोबर होती, पाय कमी पडले.

एका रविवारी मी न कळवता त्यांच्या घरी गेलो. मला बघताच सारजेने पिळलेली साडी दोरीवर टाकायची सोडून अंगणातल्या सायकलीवर पसरली. "आप्पा, तुम्ही कवा आलात? आत बसा ना, चहा टाकते," म्हणाली आणि सायकलीपुढून हलेना. मी साडी उचलली. आखूड सीट, वळवलेले हँडल, पायडलवर ठोकळे. ठोकळ्यांना पत्र्याची पट्टी होती आणि पट्टीचे टोक आत दुमडलेले होते, म्हणजे पँट फाटू नये. असे टोक या शहरात एकच माणूस दुमडतो. त्याच्या शेजारी बसून मी ते शिकलो होतो. माझी दर भेट ही सासऱ्याची भेट होती आणि दर भेटीच्या आदल्या दिवशी सोनाजी माझा माल चढवून देत होता!

रामकिसन यास मी माझी स्वतःची, रोजच्या वापरातली सायकल देतो. ती बावीस इंची आहे. आमची दोघांची उंची सारखीच आहे. याचा कोणी कसलाही अर्थ काढू नये.

कलम ५. सोनाजीविषयी. त्या रविवारी मी तसाच नगर नाक्याला गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला नाही नाही ते बोललो. तो चाक फिरवत होता, ते फिरवतच म्हणाला, "गिऱ्हाईक आलं, केलं. जावई तुझा, पाय त्याचे." त्या दिवसापासून आमचा अबोला आहे. त्याच्या घरच्या लग्नाला मी दगडाबाईला पाठवले, माझ्या आजारपणात त्याने त्याच्या बायकोला, बानाबाईला, पाठवले. निरोप बायकांचे, डबे बायकांचे. आम्ही दोघे दगड.

पुढे रस्ता रुंद झाला आणि त्याचे दुकान गेले. मग तो हत्यारांची पेटी आणि पंप घेऊन बसला कुठे, तर अख्खे औरंगाबाद सोडून माझ्या दुकानासमोर, लिंबाखाली. लिंबाची सावली दुपारी दोननंतर पलीकडच्या भिंतीवर जाते आणि तो उन्हात बसतो. डोक्यावर ओला टॉवेल टाकतो. मला इथून सगळे दिसते. किती दिवस मी मान खाली घालून काम करतो, तरी दिसते.

कलम ६. आता दुकान. हे मृत्युपत्र खरे तर एवढ्याचसाठी आहे. मला मुलगा नाही आणि असता तरी त्याने इथे पंखे विकले असते. दुकान विकून टाका, असे सांगणारे पुष्कळ येतात. पण संध्याकाळी वाळूजहून सुटलेला माणूस या दारात सायकल उभी करून "आप्पा, जरा कंबर बघा" म्हणतो, तो उद्या कोणाकडे जाईल? हा विचार मला झोपू देत नाही. या शहरात माणूस बघून सायकल बसवणारे दोनच जण उरलेत. त्यातला एक हे मृत्युपत्र लिहीत आहे. सबब माझ्या मृत्यूनंतर सदर दुकान, हत्यारांसह व पेटीसह, सोनाजी मल्हारी कोळपे याने हयातभर वापरावे आणि त्याच्या पश्चात ते सारजेचे व्हावे. सारजेला विचारले आहे. ती म्हणाली, "लई चांगलं होईल, आप्पा," आणि रडली. हे दुकान मी दोस्ती म्हणून देत नाही, कसबाला देतो. भांडण जागच्या जागी आहे.

येथवर लिहून मी खाली रेघ मारली होती. पुढचा मजकूर त्याच दिवशी, वकीलसाहेबांसमोर वाढवला आहे.

साक्षीदार आण असे मी दगडाबाईला सांगितले. तिने शेजारचे कारभारी टेलर आणले आणि मला न विचारता रस्ता ओलांडून सोनाजीलाही आणले. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. वकीलसाहेबांनी सगळे मोठ्याने वाचले. ठोकळ्यांच्या कलमाला तो तोंड फिरवून हसला, ते मी पाहिले. सहावे कलम वाचून झाले. मग वकीलसाहेब म्हणाले, "सोनाजीराव, दुकान तुम्हाला मिळतंय, तेव्हा साक्षीला तुम्ही सही न केलेली बरी. मागून कुणी हरकत घेतली तर अडचण. दुसरा साक्षीदार बघू."

"दुसरा कशापायी?" सोनाजी म्हणाला. "ते कलम खोडा. मी सही करतो."

"का रं? दुकान नगं तुला?" मी विचारले. इतक्या वर्षांत त्याच्याशी मी बोललेले हे पहिले शब्द.

"तू गेल्यावर इथं बसून काय करू? भिंतीसंगं बोलू? मेल्यावर बस म्हणतूस व्हय, बद्री. समोर उन्हात बसलोय, तुला दिसतंय, आत्ताच लिहिलंस. जित्तेपणी एकदा बस म्हणला नाहीस."

माझ्या डोळ्यांत पाणी आले ते लपवावेसे वाटले नाही. कारभारींनी विनाकारण गळ्यातला टेप गुंडाळायला घेतला. मी उठलो, बाकावरच्या ट्यूबा खाली टाकल्या, हाताने बाक पुसला आणि म्हणालो, "बस."

तो आत आला आणि बसला. बसल्या बसल्या समोर टांगलेल्या सायकलीकडे बघून म्हणाला, "ही सीट लई वर घेतलीस." मी म्हणालो, "बरोबर हाय ती." तो म्हणाला, "नाय." दगडाबाई चहा टाकायला वर गेली.

सबब कलम ६ रद्द. दुकान माझ्या पश्चात सारजेचे. सोनाजी उद्या सकाळपासून, मी जिवंत असताना, या दुकानात माझ्याबरोबर बसेल. असला मजकूर मृत्युपत्रात बसत नाही, असे वकीलसाहेबांचे म्हणणे पडले. तरी तो राहू द्यावा, अशी माझी त्यांना विनंती आहे. आमच्यापैकी जो मागे राहील, त्याने या जागी हवे तितके दिवस काम करावे आणि सारजेने त्याला हलवू नये.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून, खुशीने सही केली.

स्थळ : औरंगपुरा, औरंगाबाद
दिनांक : १७ डिसेंबर २००३

सही : बद्रीनाथ पुंजाराम औताडे

आमच्या डोळ्यांदेखत वरील सही झाली :

साक्षीदार १. कारभारी किसनराव सोनवणे, धंदा शिवणकाम, शेजारचे दुकान, औरंगपुरा.

साक्षीदार २. सोनाजी मल्हारी कोळपे, धंदा सायकल दुरुस्ती. धंद्याचा पत्ता : बद्रीनाथचे दुकान, आत.