पुलाचा लाल तुकडा

मी, खाली अंगठा उमटवणारी, वय अदमासे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणाच्या धाकाशिवाय लिहवून देते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे. लिहून घेणारे शेजारचे मास्तर. त्यांनी माझं बोलणं सुधारू नये.

१. राहतं घर मुलाला. गच्चीचं दार अडकतं. त्याला लाथ घालावी लागते, हेही त्यालाच.

२. शिवणयंत्र सुनेला. "आई, मला कुठे शिवता येतं?" असं ती म्हणेल. मलाही येत नव्हतं.

३. लाकडी तुकड्यांची पेटी दोन्ही नातींना मिळून. माझे वडील सुतार. फळी कापून उरेल ते आमचं खेळणं. त्याचं घर व्हायचं, पडलं की त्याचाच पूल. एखादा तुकडा चुलीत गेला तरी कुणाला पत्ता नसायचा. थोरल्या नातीच्या पूल बांधायच्या नव्या संचात मात्र सहाशे बारा ठोकळे, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. सोबतच्या पुस्तकात एकही अक्षर नाही, नुसती चित्रं. जन्मात मी वाचलेलं ते एवढंच पुस्तक. "आजी, पान उलट," ती म्हणायची आणि मी ऐटीत उलटायची.

४. हे मास्तरांनी मान वर न करता लिहावं. चाळिसाव्या पानावरचा लाल तुकडा मी उचलला. म्हटलं, अडली की माझ्या पेटीतलं लाकूड लावते का बघू. लावलं नाही. "आजी, त्याला हे चालत नाही," म्हणाली आणि धाकट्या बहिणीवर चोरीचा आळ घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी. अकरा दिवस झाले, दोघी बोलत नाहीत. अर्धा पूल कपाटावर पडलाय. रोज सांगायचं ठरवते, रोज उद्यावर ढकलते. भुलीतून मी उठलेच नाही तर? धाकटीच्या माथी ते जन्मभर राहील.

५. मास्तर म्हणतात, "आजी, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात."
मी म्हटलं, "मग चौथं कलम आत्ताच वाचा. पोरींना हाक मारा."

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचा शिंपी, समोरच्या निवृत्त नर्सबाई.

ठिकाण: माझी खोली, खिडकीजवळचा पलंग.
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपारी चार.

निशाणी: डाव्या हाताचा अंगठा. उजवी मूठ मिटलेली आहे. दोघी समोर उभ्या राहिल्या की उघडेन.