जमादारची बाडी

।। श्री ।।
चोरखमारा, ता. १ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. वच्छलास दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा जमादार सुखरूप आहे, हे आधी लिहितो. माझी खुशाली तू मागाहून वाचशील हे मला ठाऊक आहे. तुमच्या सालेकशात बिबट कुत्री उचलू लागला म्हणून दिवाळीनंतर तू त्याला माझ्याकडे धाडलंस, तेव्हा तो वासराएवढा होता. आता गोऱ्ह्याएवढा झाला आहे आणि माझ्या दुप्पट भात खातो.

थंडी उतरली तशी घरामागची बाडी तरारली आहे. तुझ्या वहिनीने लावलेला शेवगा पांढऱ्या फुलांनी भरला, आंब्याला मोहोर आला, वालाच्या मांडवावर शेंगा मावत नाहीत. सकाळी मी विहिरीचं पाणी आळ्यांत सोडतो आणि जमादार तपासणीला आलेल्या साहेबासारखा पुढे पुढे चालतो. पाणी दिलं की वांग्याच्या ओल्या आळ्यात जाऊन बसतो, आणि मग वांगी कोणाची आणि आळं कोणाचं हे विचारायची सोय नाही. पिकलेलं टमाटर दातांनी अलगद तोडतो, कच्च्याला तोंड लावत नाही. तीस वर्षं मास्तरकी केली, पण इतकी समज असलेला विद्यार्थी मला क्वचितच मिळाला.

कुंपणापलीकडच्या बिसरामची बायको रुख्मा रोज शेवग्याची फुलं न्यायला येते. तिची पोर तीन महिन्यांची आहे. तिला बाजेवर टाकून ती फुलं वेचते, आणि जमादार बाजेखाली लवंडून शेपटीने माश्या वारतो.

परवा चावडीपुढे सगळ्या गावाने दारू सोडल्याची शपथ घेतली. शपथ मीच लिहिली आणि मीच वाचून दाखवली. तुला हे वाचून बरं वाटेल.

ईश्वरदासरावांना नमस्कार सांग. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझा दादा,
शालीकराम

।। श्री ।।
सालेकसा, ता. ९ फेब्रुवारी १९५५

तीर्थस्वरूप दादास वच्छलाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पावलं. तू म्हणतोस तशी तुझी खुशाली मी मागूनच वाचली, त्याचा राग धरू नको. जमादारले टमाटर कायले खाऊ देऊन राहिला? माझ्याकडे होता तेव्हा शिळा भातही मुकाट खाय. तू पोरांले शाळेत कधी लाडावलं नाही आणि आता कुत्र्याले लाडावून राहिला.

इकडे बिबट्यानं मागच्या हप्त्यात रेल्वे लाइनीवरच्या एका घरची बकरी नेली. यांची रातपाळी असली की मी कडी लावून बसते आणि मनात म्हणते, बरं झालं, माझं लेकरू दादाजवळ आहे. आईविना पिल्लू होतं ते, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं मी त्याले. तुझ्याजवळ आहे म्हणून घोर नाही.

शपथेचं वाचलं आणि डोळे भरून आले. वहिनी गेल्यावर वर्षभर तुझ्या पिण्याच्या गोष्टी मले बाजारात ऐकू येत. मी पदर पुढे ओढून निघून येत होती. मग मी तुले घ्यायले आली, तुझं अंग धुतलं, आणि वहिनीच्या फोटोवर हात ठेवून तू ते सोडलं. आता तूच गावाले शपथ देतोस. इथल्या लाइनीतल्या बायांले जमवून मी तुझं पत्र वाचून दाखवलं. माझी मान किती ताठ झाली, काय सांगू.

होळीले येऊन राहिली मी. जमादारले बांधू नको. माया आहे तशी राहू दे.

तुझी बहीण,
वच्छला

।। श्री ।।
चोरखमारा, ता. २१ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. वच्छलास आशीर्वाद.

वाईट बातमी लिहितो आहे. जमादार गेला. शुक्रवारी दुपारी त्याचा तोल जाऊ लागला, तोंडाला फेस आला, आणि तो कुंपण मोडून बिसरामच्या अंगणात जाऊन पडला. कुत्रा पिसाळला अशी ओरड झाली. लोक काठ्या घेऊन धावले. रुख्मा मध्ये पडली, तिच्या मनगटाला दात लागला. जमादार कालव्याकडे पळाला आणि तिकडेच संपला.

रुख्माला चौदा सुया घ्यायच्या आहेत. ती गोंदियाला मावशीकडे राहिली आहे. आईचं दूध पोरीला द्यायचं नाही असं घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं. पोर इथे आजीजवळ आहे, बकरीच्या दुधावर.

मला काही करता आलं नाही. जास्त लिहवत नाही.

शालीकराम

।। श्री ।।
सालेकसा, ता. २६ फेब्रुवारी १९५५

तीर्थस्वरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार.

तीन दिवस चुलीपाशी बसवत नाही. हे म्हणतात कुत्राच होता, पण दोन घास यांच्याही गळ्याखाली उतरले नाहीत. बिबट्यापासून वाचवायले धाडला आणि काठ्यांनी मेला. माझंच चुकलं बाप्पा. इथं ठेवला असता तर एका झटक्यात तरी गेला असता.

तुझ्या हाताले कुठं ओरखडा नाही ना? असेल तर लपवू नको, तूही सुया घे. आणि दादा, त्याले कधी दुसरं कुत्रं चावलं होतं का? सकाळी चांगला आणि दुपारी पिसाळला, असं कसं झालं ते मले समजून नाही राहिलं. तू शिकलेला आहेस, तुले माहीत असेल.

तुले मी बोल लावत नाही. लोक त्याले मारून राहिले तेव्हा तुझ्यानं पाहवलं नसेल. घरात जाऊन कानावर हात ठेवले असशील. तुझं मन मले माहीत आहे, लहानपणापासून मऊ.

रुख्माच्या पोरीचा जीव मनातून जात नाही. तीन महिन्यांचं लेकरू आईविना. त्या घराले काय लागेल ते पाहा. मायेनं सांभाळून घे.

वच्छला

।। श्री ।।
चोरखमारा, ता. ४ मार्च १९५५

चि. सौ. वच्छलास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून लिहिला नाही. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. माझं मन मऊ आहे असं त्यात तू लिहिलंस. ते वाचून मला स्वतःची शिसारी आली.

शपथ वाचली त्याच्या आठव्या दिवशी मी दारूसाठी गेल्या सालचा वाळलेला मोह मडक्यात भिजत घातला आणि बाडीत, सांबार-कोथिंबिरीच्या वाफ्याखाली पुरला. होळीपर्यंत सडला की गाळून घ्यायचा होता. का, ते विचारू नकोस. शेवगा फुलला आणि घर खायला उठलं, एवढंच कारण मला माहीत आहे, आणि ते पुरेसं नाही हेही माहीत आहे.

जमादारने वास काढून वाफा उकरला आणि मडकं रिकामं केलं. तो पिसाळला नव्हता. त्याला चढली होती. झाडांचा मोह अजून पडायचा होता, आणि मास्तरच्या घरी मोह असेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून कोणाला संशय आला नाही. मी मात्र एका नजरेत ओळखलं. एक शब्द बोललो असतो तर काठ्या खाली आल्या असत्या. मी घरात गेलो नाही, कानावर हात ठेवले नाहीत. दारात उभा राहून पाहत होतो. रुख्मा ओरडून सांगत होती की हा तसा कुत्रा नाही, आणि मी गप्प होतो. मग लोक कालव्याकडे गेल्यावर मी आधी खापऱ्या गोळा केल्या आणि वाफा सारखा केला.

याहून वाईट पुढेच आहे. तो मेला म्हणून मी तुला लिहिलं, त्याच्या आदल्या सकाळी तो परत आला होता. एक पाय उचलून कुंपणाच्या भगदाडापाशी उभा होता. मला पाहून त्याने शेपूट हलवली. शुद्धीवर आलेला कुत्रा गावाने पाहिला तर सगळे विचारतील, हे माझ्या मनात आलं, आणि मी दगड उचलला. पहिला लागला नाही. दुसरा लागला.

त्यानंतर दहा दिवस पलीकडून पोरीचं रडणं ऐकलं. मी आळ्यांना पाणी देत होतो, वांगी तोडत होतो. रोज ठरवत होतो, उद्या सांगू. तुझं पत्र आलं आणि उद्या म्हणायची लाज वाटली. बुधवारी चावडीवर गेलो आणि लोक जमेपर्यंत उभा राहून सगळं सांगितलं. कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भोजराज पाटलांनी शपथेचा कागद मागून घेतला. बिसराम एवढंच म्हणाला की आम्ही मारत होतो तेव्हा मास्तर, तुम्ही दारातच होता. मग तो रुख्माला आणायला गोंदियाला निघून गेला. तोवर तिच्या अकरा सुया झाल्या होत्या.

जमादार कालव्याच्या पुलाखाली सापडला. ढिवरांनी मासळीची डोकी घालून जगवला होता. आता तो रुख्माच्या अंगणात असतो. पाय सुजला आहे. रुख्माचं दूध पार आटलं आहे. पोर तोंड लावते आणि रडून सोडते. मी मेथीच्या जुड्या तिच्या दाराशी ठेवल्या, त्या संध्याकाळपर्यंत तिथेच सुकल्या. जमादार कुंपणापलीकडून बाडीकडे पाहत बसतो. मी त्याला हाक मारत नाही. मला तोंड नाही.

तू त्याला न्यायला येशील तर ये. माझ्याकडे येण्याचा आग्रह धरायचा हक्क मला उरलेला नाही.

शालीकराम

।। श्री ।।
सालेकसा, ता. ७ मार्च १९५५

दादास नमस्कार.

होळीले मी येऊन नाही राहिली. यांले पाळीचं निमित्त सांगतलं. तुझं पत्र यांले दाखवलं नाही, पेटीत लुगड्यांखाली ठेवलं. बायांनी विचारलं तर म्हटलं, जमादार जिवंत आहे, लोकांची चूक झाली होती. लोकांची म्हटलं, तुझी नाही म्हटलं. असं खोटं माझ्या तोंडातून किती सरळ निघालं ते पाहून मलेच घाम फुटला. म्हणून तुले शहाणपण शिकवायची माझीही लायकी नाही.

प्यायला असता तर मी येऊन उचललं असतं तुले. आधी उचललंच होतं. गप्प राहिला तेही समजते, भ्यायला असशील. पण शेपूट हलवून राहिला होता ना तो? मग दुसरा दगड काऊन मारला, दादा? दोन दिवस तेवढंच विचारून राहिली मी, भांडे घासताना, पाणी भरताना.

जमादारले मी नेत नाही. तो रुख्माजवळच राहू दे. तिनं काठ्यांच्या मधात हात घातला. तिच्या दाराशी भाजी ठेवून पळून येऊ नको. रोज जा, ती घेवो नाहीतर न घेवो, तिच्यासमोर उभा राहा.

तुले माफ केलं म्हणून लिहायले बसली होती. तीन कागद फाडले, लिहून झालं नाही. माया राहू दे म्हणून पत्राखाली आपण न पाहताच लिहितो. आज पाहून लिहून राहिली. माया आहे. काढायले गेली, निघत नाही.

वच्छला