न मारलेला रुपेरी हात

एक रुपेरी हात मारायला पाऊण बाटली रंग लागतो आणि वाळायला एक दुपार. तो हात वाचवायला मला लागल्या चौदा बॉड्या, डोंबिवलीच्या रिमोट-गाडी मंडळाचं नऊ वर्षांचं काम आणि सख्खा पुतण्या. एवढा हिशेब डोक्यात पक्का आहे, त्यावरून माझी बुद्धी शाबूत आहे हे साक्षीदारांनी समजून घ्यावे.

मी, गुणाजी काळुराम भोईर, वय ६७, धंदा रंगकाम, राहणार कळवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो.

१. राहतं घर पत्नी सरस्वतीला. तिच्या हयातीत कोणी वाटणीचं बोलू नये. तिला ऐकू कमी येतं, मला नाही; मी मेल्यावरही ऐकत असेन असं समजून वागावं.

२. रंगाची शेड माझी स्वकष्टाची आहे. खाडीतल्या होड्यांवर नावं काढत सुरुवात केली, मग रिक्षांच्या पाठी, स्कूटरच्या टाक्या. १९८८ साली वर्तकनगरच्या एका साहेबांनी रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाडीची, काचेसारखी आरपार दिसणारी प्लास्टिकची बॉडी आणली आणि म्हणाले, "भोईर, ही आतून रंगवायची." सगळा उलटा कारभार. पहिला हात जगाला दिसतो, मागचे हात त्याला उठाव देतात. आरपार लाल मारला तर मागे रुपेरी हवाच, त्याच्यामागे काळा चालतो. थेट काळा मारला तर लालाची वाळलेली तपकिरी कलेजी होते. मी हे शिकलो, आणि नऊ वर्षांत माझ्या नजरेखालून न जाता एकही बॉडी शेडबाहेर पडली नाही.

३. गेल्या दिवाळीत पुतण्या परशुराम याने मंडळाच्या चौदा बॉड्यांना रुपेरी मारलाच नाही. बॉडीला बाहेरून ओरखडे पडू नयेत म्हणून असलेली पातळ झिल्ली गिऱ्हाइकासमोर सोलायची ही आमची पद्धत. डोंबिवलीच्या हॉलमध्ये मी पहिली सोलली. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. एक बाई हळूच म्हणाल्या, "अगंबाई, हा रंग असाच मागितलेला का?" मंडळाचे लोक उरलेल्या तेरा न सोलताच निघून गेले. घरी येऊन पाहतो तर रुपेरीच्या बाटल्यांची सीलं जशीच्या तशी.

परशुराम म्हणाला, "काका, मागची बाजू कोन बघतंय? काला मारला नि झाला."

मला किळस आली. चुकीची नव्हे, त्या "कोन बघतंय"ची.

दोन दिवसांनी पत्र्यापलीकडून ऐकलं. तो मित्राला सांगत होता, "म्हातारा गेला का शेड आपलीच. काकाची सरोज काय, पोरीची जात, तिला रंगाची गन देनार हाय का कोन?"

४. सबब शेड, कंप्रेसर, तिन्ही स्प्रे गन आणि धंद्याचं नाव मुलगी सरोज हिला देतो. लग्नानंतरही ती रोज डोंबिवलीहून येते, बाटल्या लावते, टेप कापते. त्या दिवाळीत बॉड्या बांधताना तीच म्हणाली होती, "बाबा, थांबा जरा, हा लाल नाही वाटत." मी म्हणालो, "गप गं, तुला काय कळतं."

५. परशुरामला चौदाही बॉड्या. त्याने त्या दर्शनी भिंतीवर टांगाव्यात.

ठिकाण कळवा, ९ मार्च १९९७.
सही: गुणाजी काळुराम भोईर
साक्षीदार: सखाराम म्हात्रे, भगवान केणी. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर. देवराम वकील विचारतात, परशुराम कोर्टात गेला तर तुमच्याविरुद्ध काय बोलेल? तो बोलण्याआधी मीच लिहितो. दोन वर्षांपासून मला लाल आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत. त्या चौदा बॉड्या मी एकेक करून खिडकीपाशी नेल्या, उजेडात धरल्या आणि पास केल्या.